मशीनपासून अकरावा दिवस

मला राग लवकर येतो आणि आनंद त्याहून लवकर होतो. बत्तीस वर्षं मेडिकल कॉलेजात शिकवलं, त्यातली निम्मी या दोन गोष्टींची माफी मागण्यात गेली. निवृत्त होऊन वाशिमजवळच्या मालेगावला घर बांधलं तेव्हा माझी बायको रूपा म्हणाली होती, "आता तरी कोणाच्या मागे लागू नका." सहा महिने मी शहाण्यासारखा वागलो. मग आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांत नवे लागलेले डॉक्टर हेरायला सुरुवात केली.

माझा नियम साधा होता. ज्याला संशोधन करायचंय त्यानं रविवारी सकाळी आठला माझ्या ओसरीवर यायचं. एक कागद आणायचा आणि त्यावर एकच प्रश्न. प्रश्न आपल्या ओपीडीतला हवा, पुस्तकातला नको. पहिल्या रविवारी नऊ जण आले. चहा-पोहे झाले, मी एकेकाच्या प्रश्नाची सालं काढली, आणि पुढच्या रविवारी चारच आले. दिवाळी संपेपर्यंत एकटी उरली, डॉक्टर अर्शिया.

अर्शिया कामरगावची. तिचे वडील जमशेदभाई यांचं कापडाचं दुकान, शिवाय आसपासच्या आठवडी बाजारांत त्यांचं पाल लागतं. ही पोरगी त्या पालात कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करत डॉक्टर झाली. मेडशीच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात ती लागली तेव्हा वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. वर्ष झालं की नागपूरला क्लास, मग पीजीची परीक्षा, मग मोठं हॉस्पिटल. बापाचं काही चुकत नव्हतं. पण मधल्या काळात तिला एका प्रश्नानं धरलं.

दसऱ्याच्या सुमाराला चतुराबाई नावाची एक मजूर बाई तिच्याकडे आली, तापाच्या आठव्या दिवशी. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. अर्शियानं नीट तपासलं तेव्हा कमरेवर एक काळी खपली दिसली, बिडीचा चटका बसल्यासारखी. स्क्रब टायफस. उंदरांच्या संगतीनं वाढणारा, डोळ्यांना न दिसणारा एक किडा चावतो आणि आठ-पंधरा दिवसांनी हा ताप येतो. ताप आल्या आल्या साध्या गोळ्या दिल्या तर माणूस दोन दिवसांत उठून बसतो. आठव्या दिवशी मात्र उशीर झालेला असतो. चतुराबाई वाशिमला नेताना वाटेत गेली.

त्यानंतर अर्शियानं तापाचा एकही रुग्ण खपली शोधल्याशिवाय सोडला नाही. महिन्याभरात तिला शेहेचाळीस सापडले आणि रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. पुढच्या रविवारी तिनं आणलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'हा ताप कोणाला आणि कधी येणार, हे आधी ओळखता येईल का?' मी त्या प्रश्नाची साल काढू शकलो नाही. तो कागद मी फ्रिजवर लावून ठेवला.

नागपूरची एक संस्था खेड्यांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांमधून दरवर्षी तिघांना निवडते. दोन वर्षं आपल्याच गावात राहून संशोधन करायचं, प्रयोगशाळा आणि जाणत्या माणसांची मदत संस्था देते. मी तिला अर्ज करायला लावला आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. जमशेदभाईंनी तिला स्वच्छ सांगितलं, "शुक्रवारच्या मुलाखतीत निवड झाली तर दोन वर्षं तुझी. नाही झाली तर त्याच्या पुढच्या बुधवारी क्लासला जाऊन बस. मी तिथं जागा धरून ठेवली हाय." तिनं कबूल केलं. शब्द म्हणजे शब्द, तो बाजारातल्या माणसाच्या घरातला होता.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी ती आठला नाही, साडेसातलाच आली. चप्पल काढायचंही भान नव्हतं. लॅपटॉप माझ्या पोह्यांच्या बशीवर ठेवत म्हणाली, "सर, पाहा."

मी पाहिलं आणि उडी मारली. अक्षरशः मारली, बशी खाली गेली. ताप सुरू झाल्याच्या तारखा तिनं एका रेषेवर मांडल्या होत्या आणि दर सातव्या दिवशी एक उंच सुळका उभा होता. सपाट, सपाट, सपाट, सुळका. प्रत्येक सुळका बाजाराच्या दिवशी.

"बाजारात लागण होतेय, सर," ती एका श्वासात म्हणाली. "भाजीच्या पालांमागे गवत आहे, उंदीर आहेत, बाया तिथंच बसून भाकर खातात. एका बाजारात किडा चावला की पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या बाजाराला ताप. मी लहानपणापासून तिथं बसलेय, मला जागासुद्धा माहीत आहेत."

ताप इतका शिस्तीचा असतो का, हा प्रश्न एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या पोरानंही विचारला असता. मी विचारला नाही. मी तिची पाठ थोपटली, "पोरी, हे फार मोठं आहे" असं तीनदा म्हणालो आणि दुपारपर्यंत आम्ही तो निष्कर्ष नागपूरला पाठवूनही दिला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवरदेवाचा मास्तरच बाशिंग बांधून नाचत होता.

सोमवारी मी तिच्या आरोग्य केंद्रात गेलो, खरं तर नुसतं कौतुकानं बसायला. समोर लिलाबाई होती, साठीची, मजुरी करणारी. महिन्यापूर्वी याच तापातून बरी झालेली, आता गुडघा दाखवायला आली होती.

"गुडघा कधीपासून दुखून राह्यला?" अर्शियानं विचारलं. रुग्णांशी ती त्यांच्याच बोलीत बोलते.

"बाजारापासून."

मला रिकामं बसवत नाही. मी विचारलं, "आणि ताप कधी आला होता, बाई?"

"तोबी बाजारापासूनच."

"सून बाळंत कधी झाली?"

"बाजाराच्या दिशी."

"म्हैस कधी व्याली?"

लिलाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाजाराच्या आदल्या दिशी. पन बाजारच धरा."

मी खुर्चीतून उठलो. माझी माय याच भागातल्या वावरांत जन्मभर राबली. ती सांगायची की आम्ही चारही भावंडं बाजाराच्या दिवशी झालो. हे मी वर्गात विनोद म्हणून सांगत आलो, पोरं हसायची, आणि त्या विनोदाचा अर्थ मला त्रेसष्टाव्या वर्षी लागत होता. मायला तारीख नव्हती. आठवड्यात तिला एकच दिवस वेगळा असायचा, त्याच्या आसपास जे घडलं ते सगळं त्याच दिवसाला टांगलं जायचं. अर्शियासाठी बाजार ही जागा होती, तिच्या बापाचं पाल जिथं लागतं ती. लिलाबाईसाठी बाजार म्हणजे कॅलेंडर. व्यापाऱ्याच्या लेकीला ते कळलं नाही हे समजू शकतो. मजुरणीच्या लेकाला कळायला हवं होतं.

मी अर्शियाला मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ नेलं आणि सरळ सांगितलं. गोड बोलून सांगायची कला मला येत नाही.

"तो आलेख ताप दाखवत नाही. लोक दिवस कसे मोजतात ते दाखवतो. सुळके खोटे आहेत."

तिला कळायला दोन क्षण लागले. मग तिचा चेहरा उतरला आणि लगेच लाल झाला. "सर, काल तुम्ही उडी मारली होती."

"मारली होती. चूक माझी आहे. तू नवी आहेस, मी नाही. मला लाज वाटतेय."

"मी अर्ज मागे घेते."

"आणि बुधवारी क्लासला जाऊन बसतेस? चतुराबाईचं काय झालं ते विसरून?" माझा आवाज चढला. "चुकीचा आलेख काढला म्हणून कोणी मरत नाही. तो चुकीचा आहे हे कळूनही घरी बसलं तर मरतात."

असं ओरडायला नको होतं. टाकीच्या पलीकडे आशाताई अंजू गोळ्यांची पाकिटं मोजत बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. अंजू आशा होण्याआधी दहा वर्षं मजुरांच्या टोळीत होती. ती न उठता म्हणाली, "मॅडम, तुमी तारीख काहून इचारता? आमच्या बाया तारखेनं थोडीच जगतात. वावरानं जगतात."

"म्हणजे?"

"आज कोनाच्या वावरात, काल कोनाच्या, परवा कोनाच्या. टोळीतल्या कोनत्याबी बाईले इचारा, घडाघडा सांगन." आणि तिनं व्हरांड्याकडे तोंड करून हाक मारली. "लिलाबाई, तुले हुडहुडी भरली तवा कोनाच्या वावरात होती व?"

"हेमसिंगच्या कपाशीत," तिकडून लगेच उत्तर आलं. "तिसऱ्या दिशी, दुपारी. पऱ्हाटीखाली निजली मी."

"त्याच्या आदी?"

लिलाबाई गुडघा विसरून आमच्याकडे आली आणि बोटांच्या पेरांवर उलट्या क्रमानं मोजू लागली. हेमसिंगची कपाशी तीन दिवस. त्याच्या आधी दोन दिवस हरभऱ्याची पेरणी. त्याच्या आधी तीन दिवस धुरे, म्हणजे बांध, साफ केले. त्याच्या आधी दोन दिवस सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरलं. "अन् त्याच्या आदी मशीन आलं होतं."

"आणि मशीनच्या आधी?"

"मशीनच्या आदी सारी सोंगनीच सोंगनी. त्याचं काय मोजाव?"

मशीन म्हणजे मळणी यंत्र. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, वावरातच त्याची सुडी रचतात, मोठा ढीग, आणि मशीनचा नंबर लागेपर्यंत ती आठ-पंधरा दिवस तशीच असते. तिच्या खाली ऊब असते, दाणे असतात, म्हणजे उंदीरही असतात. मशीन आलं की सुडी उचलतात. मी आणि अर्शियानं एकमेकांकडे पाहिलं. तीन आणि दोन आणि तीन आणि दोन, दहा. काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालत होतो.

"एकच बाई आहे, सर," अर्शिया घाईनं म्हणाली. "एकीवर नाचायचं नाही."

"मी कुठे नाचलो?"

"काल."

मग तिनं टाकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली आणि मला पुढचं काही सांगावं लागलं नाही. शेहेचाळीस जणांना पुन्हा विचारायचं, वावरं मोजून. ज्यांना ताप होता पण खपली नव्हती, त्या अडतीस जणांनाही तसंच विचारायचं, नाहीतर सगळाच ताप मशीननंतर येतो की काय ते कळणार नाही. आणि विचारणार अंजू, पण कोणाला खपली होती हे तिला सांगायचं नाही, म्हणजे तिच्या मनाचा कल उत्तरात उतरणार नाही. ही तिसरी गोष्ट मी सांगणारच होतो, तोंड उघडलंही होतं, ती आधी बोलून मोकळी झाली. बत्तीस वर्षांत मला कोणी इतक्या आनंदानं गप्प केलं नव्हतं.

मंगळवार ते गुरुवार आमची वरात निघाली. ओपीडी आटोपली की पुढे अंजूची सायकल, मागे अर्शियाची स्कूटी, स्कूटीवर मागे मी, हातात थर्मास. घर, वावर, धुरा, जिथं माणूस सापडेल तिथं. एकटी बाई अडखळली तर टोळीतल्या बाकीच्या तिला दुरुस्त करायच्या. "नाई व, त्या दिशी आपुन पाटलाच्या वावरात होतो, तुही चप्पल तुटली नोती का?" चपलेवरून दिवस पक्का व्हायचा. मी वर्गात स्मरणशक्तीच्या चुकांवर तास घेतलेत. इथं एका तुटलेल्या चपलेनं माझा अख्खा तास खोडून काढला.

बायांचं मोजणं तपासायला आम्ही तांड्यावर रतनसिंगला गाठलं. पंचक्रोशीत मळणी यंत्र त्याचंच फिरतं. ट्रॅक्टरला टेकून, डोळे मिटून त्यानं दसऱ्याच्या आधीपासूनचा आपला रस्ता वावरांच्या नावांनी सांगितला, आणि अर्शिया मोबाईलवर तारखा लावत गेली. बायांचं तंतोतंत जुळत होतं.

"सुडी कोण उचलतं, रतनसिंगभाऊ?" तिनं विचारलं.

"वरची कोनीबी उचलते. खालचा थर ओला असते, त्यात उंदरं. त्याले हात लावायले कोनी तयार होत नाई." त्यानं डोळे उघडले. "मंग जे नाई म्हनू शकत नाईत ते उचलतात."

अर्शियानं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खालचा थर कोणी कोणी उचलला हेही प्रत्येक टोळीला विचारायचं ठरवलं. चतुराबाई त्यातलीच होती.

बुधवारी जमशेदभाईंचा फोन आला तेव्हा आम्ही धुऱ्यावर बसून चहा पीत होतो. तिनं स्पीकर लावला.

"अब्बा, बाजाराचा काही दोष नव्हता. माझं चुकलं."

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "ज्याले ताप हाय तो बाजारात कायले येईन? रविवारपासून मले रात्री नींद नाही बेटा, माझीच पोरगी माझ्या बाजारावर बोट ठेवून राह्यली म्हणून. चल, खुश राह्य. पर पुढच्या बुधवारचं याद ठेव."

गुरुवारी दुपारी चौऱ्याऐंशी उत्तरं हातात आली. आलेख लॅपटॉपवरही निघाला असता, पण अर्शिया म्हणाली, "ज्यांनी दिवस मोजले त्यांना दिसलं पाहिजे." तिनं आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात फरशीवर खडूनं लांब रेघ ओढली आणि शून्यापासून वीसपर्यंत आकडे घातले. शून्य म्हणजे मशीनचा दिवस. खपली असलेल्यासाठी सोयाबीनचा दाणा, खपली नसलेल्यासाठी तुरीचा. लिलाबाईसकट वीसेक बाया येऊन बसल्या, दोन-चार गडीही भिंतीला टेकले. अंजू आकडा वाचायची, अर्शिया यादी पाहून दाणा ठरवायची, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी तो ठेवायचं.

तुरीचे दाणे पेरताना मूठ सुटावी तसे रेघभर पसरले. दोनवर, सतरावर, पाचवर, कुठेही. सोयाबीनचे मात्र तसे नव्हते. दहा. अकरा. दहा. नऊ. अकरा. दहा. विसाव्या दाण्याला बायांची कुजबुज थांबली. तिसाव्या दाण्याला रास घसरायला लागली म्हणून लिलाबाईनं तिला हातानं बांध घातला. शेहेचाळीसपैकी एकोणचाळीस दाणे नऊ ते बारा या चार आकड्यांवर पडले.

मी काय केलं ते सांगायला नको. रूपाला कोणीतरी फोन करून सांगितलंच की सर आरोग्य केंद्रात टाळ्या वाजवत उभे होते.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "मॅडम, धनसिंगच्या वावरात मशीन मागच्या शुक्रवारी होतं. मंग आमचं काय?"

टाळ्या थांबल्या. धनसिंगची सुडी शेवटची राहिली होती. अर्शियानं विचारलं, खालचा थर कोणी उचलला? तीन बाया पुढे आल्या आणि भिंतीजवळून एक म्हातारा, पुंजाजी. सगळ्यांच्या नजरा फरशीवरच्या राशीकडे गेल्या आणि मग त्या चौघांकडे. आज सहावा दिवस होता.

अर्शिया त्यांच्यासमोर खाली बसली. "रविवारी नववा दिवस. तिथून बुधवारपर्यंत अंग जरा कोमट लागलं तरी लगेच यायचं. घरची गोळी घेऊन निजायचं नाई. ताप आलाच तर पहिल्याच दिवशी औषध देईन, दोन दिवसांत बरे व्हाल."

"मले काई होत नाई, मॅडम," पुंजाजी हसला. "उंदरायनं आजवर लय खाल्लं मले. आमी का दानेबिने टाकून आजारी पडतो?"

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. वाटेत आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, पहिला आलेख दाखवूच नको, सरळ दुसऱ्यापासून सुरू कर. "आपणच आपली फजिती कशाला मांडायची?"

"रविवारी तो पाठवला आहे, सर. त्यांच्या हातात असेल."

"तर म्हण, प्राथमिक होता."

"प्राथमिक नव्हता. चूक होता." ती खिडकीबाहेर पाहत होती. "तुमचं नाव नाही घेणार, घाबरू नका." ती बरोबर होती. मी तिची नाही, माझी अब्रू झाकायला निघालो होतो.

मार्गदर्शकांना मागे बसायची परवानगी होती, बोलायची नाही. ही शिक्षा कोणी मुद्दाम माझ्यासाठी शोधून काढली असावी. अर्शियानं पहिलंच चित्र सुळक्यांचं लावलं. "रविवारी मी तुम्हाला एक निष्कर्ष पाठवला. तो चुकीचा आहे. कसा चुकला ते आधी सांगते, कारण बरोबर उत्तर त्या चुकीतूनच सापडलं." मग लिलाबाईची म्हैस आली, हेमसिंगची कपाशी आली, तुटलेली चप्पल आली, आणि शेवटी फरशीवरच्या दाण्यांचा फोटो. तो दिसल्यावर समितीतले दोघं खुर्चीत पुढे सरकले. मी मांडीखाली हात दाबून बसलो होतो.

तिसरे सदस्य मात्र हलले नाहीत. "आधी बाजार म्हणालात, आता मशीन म्हणता. पुढच्या आठवड्यात काय म्हणाल?"

"पुढच्या आठवड्यात मी बरोबर की चूक ते कळेल, सर." तिनं शेवटचं चित्र लावलं. नावं नव्हती, फक्त चार माणसं आणि चार वार. "आतापर्यंत खालचा थर उचलणाऱ्या चौघांत साधारण एकाला ताप आलाय. या चौघांना कोणालाही आला तर तो रविवार ते बुधवार यायला हवा. आधी किंवा नंतर आला तर मी स्वतः फोन करून तुम्हाला सांगेन."

"म्हणजे ते आजारी पडावेत अशी तुमची इच्छा आहे?"

माझं रक्त उकळलं, पण अर्शिया शांत होती. विचार करून म्हणाली, "नाही, सर. कोणालाच ताप आला नाही तर मला बरंच वाटेल. पण आलाच तर तो मला पहिल्या दिवशी सापडला पाहिजे. एक बाई मला आठव्या दिवशी सापडली होती."

मंगळवारी कळवतो, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं.

रविवारी काही नाही. सोमवारी काही नाही. अंजू रोज सकाळ-संध्याकाळ चौघांच्या घरी जाऊन यायची आणि मला फोनवर एकच शब्द सांगायची, "थंडे." मी घरात येरझाऱ्या घालत होतो. कोणाला तरी ताप यावा असं मला वाटत होतं आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःची चीड येत होती. सोमवारी संध्याकाळी रूपानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

मंगळवारी सकाळी मी अर्शियाच्या ओपीडीत जाऊन बसलो, कारण घरी बसलो असतो तर भांडण झालं असतं. ती शांतपणे रुग्ण तपासत होती. टेबलाखाली तिची बॅग होती, भरलेली. निवड झाली नाही तर संध्याकाळच्या गाडीनं ती नागपूरला जाणार होती. बॅगेबद्दल मी काही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

साडेनऊच्या सुमाराला दारात काठी वाजली. पुंजाजी. रांगेतल्या कोणालाही न जुमानता तो सरळ आत आला आणि तिच्यासमोर बसला.

"मॅडम, आज मशीनपासून अकरावा दिवस हाय," तो म्हणाला. "पहाटेपासून अंग कोमट लागून राह्यलं. पाहा बरं."

अर्शियानं थर्मामीटर लावला. शंभर आणि वर थोडा. मग तिनं त्याची पाठ पाहिली, काखा पाहिल्या, कंबर पाहिली, आणि धोतर सारून गुडघ्याच्या मागे पाहिलं. तिथं ती होती, मसुरीएवढी काळी खपली. अर्शियानं कपाटातून गोळी काढली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि त्यानं ती गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

चतुराबाई आठव्या दिवशी आली होती. पुंजाजी पहिल्या दिवशी आला होता, स्वतःच्या पायांनी, आणि मोजून आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसायचं निमित्त काढलं नाही, सरळ रडलो.

त्यातच टेबलावरचा तिचा फोन वाजला. नंबर नागपूरचा. तिचे दोन्ही हात पुंजाजीच्या नाडीवर आणि मनगटी घड्याळावर होते. "सर, तुम्ही घ्या."

आवाज तिसऱ्या सदस्यांचा होता. डॉक्टर अर्शियाची निवड झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि लगेच विचारलं, "त्या चौघांचं काय झालं?"

सांगायला जीभ शिवशिवत होती. अकरावा दिवस, शंभरावर ताप, काळी खपली, सगळं ओठांवर होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. "डॉक्टर रुग्ण पाहतायत," मी म्हणालो. "त्या स्वतः तुम्हाला फोन करतील." आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आनंदाची बातमी पाच मिनिटं पोटात ठेवली.

"कोण होतं, सर?" नाडी मोजून झाल्यावर तिनं विचारलं.

"नागपूर. झालं तुझं."

तिनं डोळे मिटले. बसल्या जागी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. टेबलाखालची बॅग पायानं भिंतीपर्यंत मागे ढकलली. एवढंच.

पुंजाजी उठता उठता म्हणाला, "अन् त्या तिघीयलेबी आनलं मी. भाईर बाकावर बसल्या हायेत. ताप नाई त्यायले. पन दिवस आला म्हनून म्हनलं चला."

अर्शिया थर्मामीटर घेऊन उठली. "अब्बांना तुम्ही सांगा, सर. मी आधी यांना बघते."

मी जमशेदभाईंना फोन लावला. मागे केवढा तरी गलका होता. "बाजारात हाय सर, पाल लावून राह्यलो," ते म्हणाले. "काही ऐकू येत नाही. जोरात बोला."

मी जोरात बोललो. सगळं आरोग्य केंद्र दचकलं. बाकावरच्या तिघींनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं, तोंडात थर्मामीटर असलेलीनंसुद्धा. पुंजाजीनं त्यांना हातानं बसतं केलं.

"मास्तर हायेत ते मॅडमचे," तो त्यांना म्हणाला. "त्यायले ताप नाई. ते असेच हायेत."